तत्त्वज्ञान बंद करण्याआधी: नियामक मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि नियामक मंडळाचे सर्व सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

येत्या शैक्षणिक वर्षापासून बी.ए.च्या पहिल्या वर्गाला तत्त्वज्ञान हा विषय मिळणार नाही, असे आपण ठरवले आहे. ठराव आम्हाला कोणी दाखवलेला नाही. सूचनाफलकावर दोन ओळींचा कागद लागला आणि त्यात ‘पुरेशा विद्यार्थिसंख्येअभावी’ एवढे एकच कारण होते. मी कार्यालयात अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर आले नाही. भेटीची वेळ मागितली, तेव्हा ‘कळवतो’ म्हणाले, ते अजून कळवतच आहेत. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

संस्थेचे नाव मुद्दाम घातलेले नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील. शिवाय बेळगाव-खानापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत कला शाखेचे वर्ग कसे रोडावत चालले आहेत, हे या भागातल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. एका संस्थेची बदनामी करून मला काही मिळवायचे नाही.

मी खानापूर तालुक्यातली. वडील कौलांच्या कारखान्यात कामाला होते. पी.यू.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, तर्कशास्त्र घेतले ते गणित टाळायला, विषयावरच्या प्रेमाने नव्हे. ते प्रेम आपल्याच महाविद्यालयात जडले. तिथल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात वर्गाला विचारले होते, ‘तुम्हाला जे ठाऊक आहे, ते ठाऊक आहे हे कशावरून?’ पुढे धारवाडला कर्नाटक विद्यापीठात एम.ए. केले. लोंढा-अळणावर करत जाणाऱ्या गाडीत जर्मन तत्त्वज्ञ कांट वाचला, निम्मा कळला, निम्मा अजून कळतो आहे. सर निवृत्त झाल्यावर त्यांच्याच वर्गात मी गेस्ट लेक्चरर म्हणून उभी राहिले. आजही गेस्टच आहे.

तेव्हा ‘बाई नोकरी वाचवायला लिहितात’ असे म्हटले जाईल. माझ्या पोटाचा प्रश्न यात आहेच, तो लपवण्यासारखा नाही. पण गेस्ट लेक्चररला काढायला ठराव लागत नाही, पुढच्या सत्राला पत्र दिले नाही की झाले. आपण विषयच काढला आहे. माझ्यानंतर येणाऱ्यालाही जागा उरू नये, अशी ती व्यवस्था आहे.

आता आपल्या कारणाकडे येते. विद्यार्थी कमी आहेत, हे खरे आहे. ते कमी कसे झाले, एवढेच मला इथे मांडायचे आहे.

पूर्वी आपल्याकडे तत्त्वज्ञान घेणाऱ्याला इतिहास आणि मराठी किंवा इतिहास आणि कन्नड हे विषय सोबत घेता येत. २०२१-२२ साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा नवा अभ्यासक्रम आला. २०२४-२५ पासून राज्याने पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे तोंड वळवले. दोन्ही वेळा विषयांची कॉम्बिनेशन नव्याने बांधली गेली आणि दोन्ही वेळा कोणते विषय कोणासमोर ठेवायचे हे महाविद्यालयातच ठरले. आज आपल्याकडे तत्त्वज्ञान घ्यायचे तर इतिहासावर आणि मराठीवर पाणी सोडावे लागते. आमच्या मुलींपैकी बऱ्याच जणींना बी.एड. करायचे असते. त्यासाठी पदवीला शाळेत शिकवले जाणारे विषय हवेत. इतिहास आणि भाषा सोडून तत्त्वज्ञान घेणे म्हणजे त्या मुलीने शिक्षिका होण्याचा रस्ता स्वतः बंद करणे. कोण घेईल? मी तिच्या जागी असते तर मीही घेतले नसते.

त्यात वेळापत्रक. तत्त्वज्ञानाचे तास सगळ्यात शेवटी. चंदगडची एस.टी. आणि खानापूरकडच्या गावांना जाणाऱ्या बसगाड्या त्याच सुमाराला सुटतात. शेवटच्या तासाला बसणारा विद्यार्थी अंधार पडल्यावर घरी पोहोचतो, आणि मुलगी असेल तर घरचे एकच विचारतात, दुसरा विषय नाही का घेता येत? हा तास सकाळी घ्यावा, असे मी लेखी दिले होते. ‘विद्यार्थी कमी असल्यामुळे शक्य नाही’ असे त्यावर सांगण्यात आले. माझ्या तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे वाक्य चक्रक दोषाचे, म्हणजे परिणामालाच कारण म्हणून पुढे करण्याचे, उदाहरण म्हणून देता येईल.

प्रवेशाच्या दिवसांत खिडकीपाशी काय चालते, तेही आपल्याला ठाऊक असावे. अर्जावर तत्त्वज्ञान लिहिलेल्या मुलांना ‘हा विषय बंद होणार आहे, दुसरा घ्या’ असे सांगितले गेले, तेव्हा आपला ठराव झालेलाही नव्हता. मुलांनीच येऊन मला सांगितले. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही, त्याला कोणीतरी सांगितले असणार.

दुसरी गोष्ट पदाची. सरांची जागा रिकामी झाली ती रिकामीच राहिली. अनुदानित पद भरायला शासनाची परवानगी लागते आणि ती सहजासहजी मिळत नाही, हे मला माहीत आहे. यात सगळा दोष आपला नाही, हे मी कोणापुढेही म्हणेन. पण परवानगीचा प्रस्ताव गेला होता का? गेला असेल तर त्याची प्रत दाखवा, म्हणजे पुढचे पत्र मी बंगळूरला लिहीन. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचा कार्यभार, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम सांगतात. आधी पद भरायचे नाही, मग कॉम्बिनेशन तोडायचे, मग तास कमी भरले म्हणून पदाचीच गरज नाही असे लिहायचे. या क्रमात कागदोपत्री कुठेही चूक सापडत नाही. म्हणूनच त्याची भीती वाटते.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. ग्रंथालयातली तत्त्वज्ञानाची कपाटे हलवून तिथे स्पर्धा परीक्षा केंद्र काढले. केंद्र हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड आणि ग. ना. जोशींचे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे तीन खंड जिन्याखालच्या खोलीत पोत्यांशेजारी पडले आहेत. हे ग्रंथ सत्तरच्या दशकात निघालेले, आज सहज मिळत नाहीत. इंग्रजीची धास्ती असलेल्या खेड्यातल्या मुलाला देकार्त आणि ह्यूम या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांपर्यंत नेणारी वाट याच पुस्तकांतून जाते. ज्या स्पर्धा परीक्षांसाठी ती खोली दिली, त्यातल्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर आहे. त्याच परीक्षेला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येते आणि उत्तरे मराठीत लिहिता येतात. ‘याने नोकरी कुठे लागते’ या प्रश्नाला हे एक उत्तर. ते मी अनिच्छेने देते आहे, कारण प्रत्येक विषयाला बाजारभाव लावायला मी तयार नाही. पण तो प्रश्न आपल्या सभेत विचारला गेला, असे कानावर आले, म्हणून लिहिले.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचे आहे ते.

आमचा वर्ग कसा असतो, हे आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही. येळ्ळूर-कडोलीकडची मराठी मुले, बैलहोंगल-सौंदत्तीकडची कन्नड मुले, शहरातल्या उर्दू बोलणाऱ्या घरांतल्या दोघी-तिघी, चिकोडीकडून आलेला एखादा जैन मुलगा. शिकवणे तिन्ही-चारी भाषांत. स्याद्वाद, म्हणजे प्रत्येक विधान एका दृष्टीनेच खरे असते हा जैन विचार, शिकवताना मी बेळगावच्या किल्ल्यातल्या १२०४ सालच्या कमल बस्ती या जैन मंदिराचा उल्लेख केला, तर त्या जैन मुलाने सदलग्याचे नाव काढले. प्राकृत आणि जैन तत्त्वज्ञानाचे मोठे संपादक आ. ने. उपाध्ये १९०६ साली तिथे जन्मले, आणि ते गाव याच जिल्ह्यात आहे, हे वर्गात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते. निपाणीच्या एका मुलाला बाबासाहेब १९२५ साली आपल्या गावी परिषदेला आले होते, हे लहानपणापासून पाठ होते. कोलंबिया विद्यापीठात ते जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाचे विद्यार्थी होते, हे त्याला इथे कळले. मग तो मला न विचारता ड्यूई शोधत ग्रंथालयात गेला. त्या जिन्याखालच्या खोलीतून त्यानेच पुस्तक काढून आणले, वर धूळ झटकल्याबद्दल ग्रंथपालांची बोलणी खाल्ली.

ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तले अज्ञानखंडन शिकवते तेव्हा कन्नड मुलांना वचनकार संत अल्लमप्रभू आठवतात. मग कोणी वचन म्हणून दाखवतो, बाकीचे अर्थ लावत बसतात आणि तास संपल्याचे भान राहत नाही. मराठी आणि कन्नड विचार असा शेजारी ठेवण्यात मी काही नवे करत नाही. निजगुण शिवयोगींचा कन्नड ‘विवेकचिंतामणी’ १६०४ साली मराठीत आला. जमखंडीत १८८६ साली जन्मलेले गुरुदेव रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवून निंबाळला परतले. उपनिषदांवर त्यांनी लिहिले, मराठी संतांवर लिहिले, कन्नड संतसाहित्यावरही लिहिले. बेळगावच्या हिंदवाडीतल्या त्यांच्या नावाच्या मंदिरावरून आपण सगळेच जा-ये करतो. संस्थेच्या कार्यक्रमांत अध्यक्षीय भाषणाला रानड्यांचे नाव चालते. स्वामी विवेकानंद १८९२ साली बेळगावात राहिले होते, ही गोष्ट तर एकाही भाषणातून सुटत नाही. भाषणाला तत्त्वज्ञान हवे आणि वेळापत्रकात नको, हे मला पटत नाही.

गेल्या वर्षी ‘न्याय’ हा घटक चालू होता. जॉन रॉल्सने १९७१ साली मांडलेली एक कल्पना आहे, अज्ञानाचा पडदा. समाजाचे नियम ठरवणाऱ्याला आपण स्वतः त्या समाजात कोण असू, हेच ठाऊक नाही असे धरायचे आणि मग नियम करायचे. मी वर्गाला सांगितले, तुम्ही मराठी घरात जन्माल की कन्नड घरात, बेळगावात की बैलहोंगलात, तुम्हाला माहीत नाही. आता शाळा कोणत्या भाषेत असावी, सरकारी कागद कोणत्या भाषेत मिळावेत, दुकानावरची पाटी कशी असावी, याचे नियम लिहा. पहिला अर्धा तास नुसता गोंधळ झाला. बेळगाव कर्नाटकात असावे की महाराष्ट्रात, या सीमाप्रश्नावर इथल्या प्रत्येक मुलाकडे घरून आणलेली उत्तरे तयार असतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासूनचा सगळा हिशोब त्यांना तोंडपाठ असतो. मग येळ्ळूरकडचा एक मुलगा, घरात महाराष्ट्र एकीकरण समितीचे वातावरण असलेला, उठून म्हणाला, ‘मॅडम, मी जो नियम लिहिलाय तो महाराष्ट्रातल्या जत-अक्कलकोटच्या कन्नड पोराला पण द्यावा लागतोय की.’ सौंदत्तीची एक मुलगी लगेच म्हणाली, ‘तर मग माझा नियम खानापूरच्या मुलीला लावून बघते.’ आणि ती खरोखर वही घेऊन बसली. कोणी कोणाची बाजू सोडली नाही. पण त्या दिवशी दोघांनीही दुसऱ्याची बाजू स्वतःच्या अक्षरात लिहिली.

त्यानंतर आठवड्याभरात मला कार्यालयात बोलावून ‘वादग्रस्त विषय वर्गात काढू नयेत’ अशी समज देण्यात आली. तक्रार कोणी केली हे सांगितले नाही, त्या तासाला नेमके काय झाले हे विचारले नाही. त्या तासाचा आणि आताच्या ठरावाचा संबंध आहे, असे मी म्हणत नाही. माझ्याजवळ पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय निष्कर्षावर उडी मारू नये, हेच मी वर्गात शिकवते. पण संबंध नसेल तर तसे लेखी सांगायला काय हरकत आहे? आणि ज्या भागात दोन्ही बाजूंच्या मुलांना एकमेकांशी मोर्चाबाहेर बोलायच्या जागा इतक्या थोड्या आहेत, तिथे एक जागा कमी करण्याआधी त्या मुलांना तरी काही विचारायला नको होते का?

एक गंमतही सांगते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली तेव्हा मूल्ये आणि उत्तम उपक्रम या प्रकरणात आमच्या शनिवारच्या वाचनगटाचे छायाचित्र छापले होते. खाली ‘संस्थेचा अभिनव उपक्रम’ अशी ओळ. चहाचे पैसे मुले वर्गणी काढून देत होती, हे अहवालात आले नाही. असू दे. पण ज्या उपक्रमाचे गुण संस्थेने मिळवले, तो ज्या विषयातून उभा राहिला तोच विषय पुढच्या अहवालात नसेल, तेव्हा त्या पानावर काय छापणार?

या भागात विचार ऐकणारा माणूस उरलेला नाही, असे समजू नका. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी या गावांत साहित्य संमेलने भरतात. शेतातली कामे आटोपून माणसे मांडवात येऊन बसतात आणि दोन-दोन तास व्याख्यान ऐकतात. त्यांचीच मुले आपल्याकडे शिकायला येतात. विद्यार्थी मिळत नाहीत असे म्हणणाऱ्याने एकदा त्या मांडवात जाऊन बसावे.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींना पैसा लागत नाही.

ठराव दोन शैक्षणिक वर्षांसाठी स्थगित ठेवा. या दोन वर्षांत तत्त्वज्ञान हे इतिहासासोबत आणि मराठी किंवा कन्नडसोबत घेता येईल असे कॉम्बिनेशन द्या. त्यासाठी विद्यापीठाची संमती लागत असेल तर प्रस्ताव पाठवा. तो तयार करायचे काम मी करते. तास सकाळच्या पाळीत ठेवा. प्रवेशाच्या खिडकीवर कोणत्याही विषयाबद्दल सल्ला दिला जाणार नाही, अशी सूचना काढा. एवढे करून दोन वर्षांनी मुले आली नाहीत, तर विषय बंद करा. मी विरोधात एक ओळही लिहिणार नाही.

रिकामे पद भरण्याचा प्रस्ताव शासनाकडे पाठवा आणि त्याची प्रत महाविद्यालयात पाहायला ठेवा. तोवर जो कोणी शिकवेल, मी असो वा दुसरे कोणी, त्याला सत्रापुरते न नेमता वर्षभरासाठी नेमा. सत्र संपताना पुढच्या पत्राची वाट पाहणारा शिक्षक मुलांना प्रबंध लिहायला सांगू शकत नाही, कारण तो वाचायला आपण असू की नाही हे त्याला माहीत नसते.

पुस्तके जिन्याखालून वर आणा. जागा नसेल तर आमच्या वर्गात दोन कपाटे मावतात. यासाठी ठरावाची वाट पाहू नका, पावसाळा जवळ आला आहे आणि त्या खोलीला ओल येते.

वर्गात काय शिकवावे याबद्दल तक्रार आली, तर ती लेखी घ्या, शिक्षकाला दाखवा आणि विद्यार्थ्यांचेही म्हणणे ऐका. ‘वादग्रस्त’ म्हणजे काय, हे आधी ठरवून द्या. सॉक्रेटिसपासून चार्वाकापर्यंत माझ्या अभ्यासक्रमातला एकही माणूस वादग्रस्त नाही असा सापडत नाही.

शेवटची मागणी सगळ्यात तातडीची. सध्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला तत्त्वज्ञान घेतलेली मुले आहेत. विषय बंद झाला तर आमचे पेपर कोण शिकवणार, असे ती रोज विचारतात. पदवी पूर्ण होईपर्यंत त्यांना पूर्णवेळ शिक्षक मिळेल, हे आपण प्रवेश सुरू होण्याआधी त्यांना लेखी द्यावे. त्यांच्यापैकी काही जण आपल्या पुढच्या बैठकीच्या दिवशी कार्यालयाबाहेर थांबणार आहेत. घोषणा देणार नाहीत, तसे त्यांनी मला सांगितले आहे. त्यांना आत बोलवा, बसायला खुर्च्या द्या आणि त्यांचे प्रश्न ऐकून घ्या. मला बोलावले नाही तरी चालेल.

आपली,
महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी आणि सध्या तत्त्वज्ञानाची गेस्ट लेक्चरर
बेळगाव